त्रेसष्ट कार्डं आणि एक पित्ताशय

काका शिंकले की आधी रुमालात तोंड लपवत, मग तो रुमाल उलगडून नीट बघत आणि शेवटी शेजारी बसलेल्या माणसाला हळूच विचारत, "काय बाहेर पडला नाय ना?"

नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याची कवळी सैल असणार. कवळी नव्हतीच. दात सगळे स्वतःचे होते आणि सोलकढीबरोबर उसाची कांडंही खातील इतके मजबूत होते. काकांना भीती होती ती नंबरांची. त्यांच्या डोक्यात त्रेसष्ट माणसांच्या क्रेडिट कार्डांचे नंबर होते. प्रत्येकी सोळा आकडे, शिवाय कार्ड कधी संपतं तो महिना आणि वर्ष, शिवाय मागच्या बाजूचे तीन आकडे. जोराची शिंक आली तर त्यातला एखादा निसटेल असं त्यांना मनापासून वाटायचं. आणि हे नंबर त्यांच्या डोक्यात गेले कसे, असं विचाराल, तर त्याचा दोष एका बाईकडे जातो. ती बाई मीच.

काकांचं नाव मी सांगत नाही. माणसाचं नाव एकदा बाहेर गेलं की मागोमाग त्याचं सगळं घर बाहेर जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते आता मला रागवायला येणार नाहीत, पण सवय झाली आहे.

मी घाटकोपरच्या एका लहानशा कंपनीत काम करते. दुकानदार, दवाखाने, क्लासवाले यांना आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देतो आणि नंतर वर्षभर त्यांचे फोन घेतो. "मॅडम, काल होतं, आज नाहीये," एवढ्या माहितीवर आम्हाला रोग ओळखावा लागतो. तुमच्यापैकी ज्यांनी असली नोकरी केली असेल त्यांना ठाऊक असेल, यात सॉफ्टवेअर फारसं बिघडत नाही. माणसंच जास्त बिघडतात.

मुलुंड पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर, दातांचा दवाखाना आणि ब्लाउज शिवणाऱ्या बाईचं दुकान यांच्या मधोमध, एक टूर्सचं ऑफिस होतं. मालकिणीला सगळे ताई म्हणत. पेन्शनीतल्या लोकांना सिंगापूर, दुबई, बाली दाखवून आणायचं आणि रोज सकाळी तिथे पोहे द्यायचे, हा ताईंचा धंदा. काका त्यांच्याकडे हिशेब बघत. मूळ गाव देवगडच्या बाजूचं, वडील गिरणीत, स्वतः भांडुपच्या एका औषध कंपनीत हिशेबनीस. ती कंपनी बंद पडल्यावर ते ताईंकडे आले. राहायला भांडुपलाच होते. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि त्यातल्या एकातही शाई नसायची. विचारलं तर म्हणायचे, "लिवूक नाय, दिसूक ठेवलंय."

पहिल्यांदा गेले तेव्हा मी कॉम्प्युटर उघडला आणि माझे डोळेच पांढरे झाले. प्रत्येक ग्राहकाच्या खात्यात टीप लिहायला एक चौकोन असतो. त्या चौकोनात काकांनी सगळं भरून ठेवलं होतं. 'गुडघे दुखतात, विमानात कडेची सीट. कांदा चालतो, लसूण नाही. मुलगा ऑस्ट्रेलियाला, विचारू नये.' आणि त्याच ओळीत पुढे त्या माणसाच्या क्रेडिट कार्डाचा अख्खा नंबर, मागच्या तीन आकड्यांसकट. परदेशातल्या हॉटेलांना खोली धरून ठेवायला कार्डाचा नंबर लागतो, म्हणून लोक तो फोनवर सांगत आणि काका तो टिपून ठेवत. कॉम्प्युटरचा पासवर्ड ऑफिसचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा होता. विसरायला होऊ नये म्हणून तो स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला होता. सगळ्या माहितीची एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये होती. तो पेन ड्राइव्ह गणपतीच्या फोटोमागे, उदबत्तीच्या पुड्याशेजारी.

"अहो काका, हा पेन ड्राइव्ह कुणी उचलला तर?"

"देवाच्या पाठचा कोण उचलतला?"

मी त्या दिवशी ताईंना आणि काकांना समोर बसवून चांगलं अर्धा तास भाषण दिलं. तेव्हा मी नोकरीत नवी होते आणि भाषण द्यायची मला फार हौस होती. कुणी हे नंबर चोरले तर त्या म्हातारा-म्हातारीच्या नावावर दुसराच कुणीतरी टीव्ही घेईल, असं मी म्हणाले. ताईंनी कपाळाला हात लावला. काकांचा चेहरा मात्र पार उतरला. आपल्या हातून इतक्या लोकांचं काही वाकडं होऊ शकतं हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"म्हणजे कॉम्प्युटरात नको," ते म्हणाले.

"नको."

"वहीत?"

"वहीत नको. मोबाइलमध्ये नको, कागदावर नको, कुठेच नको."

"मग माणसान ठेवूचा खंय? डोक्यात?"

मला लोकल गाठायची घाई होती. मी बॅग भरत भरत हसून म्हटलं, "डोक्यात ठेवा हवं तर. डोकं कोण हॅक करणार?"

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणाची वाक्यं बोलले आहे. पण त्यातलं एकही कुणी इतकं मनावर घेतलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी गेले तर सगळे चौकोन स्वच्छ. गुडघे होते, लसूण होती, ऑस्ट्रेलियाचा मुलगा होता, नंबर एकही नाही. गणपतीमागे फक्त उदबत्त्या उरल्या होत्या. मी खूश झाले. "छान केलंत काका, सगळे पुसले."

काकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग कपाळावर एक बोट टेकवलं. "सगळे आसत. खातेवहीच्या क्रमान."

काका गावच्या शाळेत शिकलेले. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांनी छडीच्या धाकानं पाठ केले होते. त्रेसष्ट नंबर त्यांनी त्याच चालीवर तीन आठवड्यांत घोटले. मला वाटलं, दोन-चार महिन्यांत विसरतील. माझा अंदाज चुकला. मालवणी माणूस एक वेळ उपकार विसरेल, पाठ केलेलं विसरणार नाही, असं काकूच मला नंतर म्हणाल्या.

मग ऑफिसात एक नवा विधी सुरू झाला. सिंगापूरच्या हॉटेलचं पान कॉम्प्युटरवर उघडलं की काका म्हणत, "वळा." मग ताईंसकट सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. काका कीबोर्डवर टॉवेल पांघरून त्याखाली नंबर दाबत. एकदा एका बाईंचं कार्ड गावी राहिलं. बँकेत चौकशी करायला त्यांना नंबर हवा होता, म्हणून त्या ऑफिसात आल्या. काकांनी त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं.

"अहो, मी तुमच्या मुलीच्या लग्नाला आले होते! जेवून गेले!"

"ता माका म्हायत आसा. पण नंबराक म्हायत नाय."

बाईंनी आधार कार्ड दाखवलं. काकांनी ते चष्मा वर करून, चष्मा खाली करून, दोनदा वाचलं, नंबर दाबायला बाईंचा फोन हातात घेतला आणि मग म्हणाले, "आता वळा." बाई म्हणाल्या, माझंच कार्ड आहे, मी कशाला वळू? काका म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. बाई वळल्या. दातांच्या दवाखान्यातला एक पेशंट गाल धरून दारात उभा होता, तोही वळला.

हळूहळू त्या नंबरांनी काकांचं सगळं जगणं बांधून टाकलं. सोसायटीच्या गणपतीत वर्षानुवर्षं हौजीचे आकडे तेच पुकारत. ते त्यांनी सोडलं. तोंड एकदा आकड्यांत पडलं की कुठे थांबेल याचा भरवसा नाही, म्हणाले. शिमग्याला गावी गेले की रात्रभर गप्पांच्या गजाली चालत, तिथून ते आठ वाजताच उठू लागले. कुणी त्यांचा फोन नंबर विचारला तर चार आकडे सांगून त्यांना घाम फुटायचा. मग ते आपला फोनच समोरच्याच्या हातात देत, "तूच बघून घे बाबा."

मी सुरुवातीला हे किस्से ऑफिसात जाऊन रंगवून सांगायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. मलाही हसू येई, खोटं कशाला बोलू.

मग एकदा तपासनीस आला. ताईंना दुकानात कार्ड घ्यायचं यंत्र आणि फोनवर पाठवायची पैशांची लिंक हवी होती. ज्यांचं यंत्र होतं त्यांनी एक माणूस पाठवला. तरुण, टाय लावलेला, हातात छापील प्रश्नावली. मी सॉफ्टवेअरच्या वतीनं हजर होते. पहिलाच प्रश्न होता, ग्राहकांचे कार्ड नंबर तुम्ही कुठे साठवता?

"कुठेच नाही," ताई पटकन म्हणाल्या.

"खोटा कित्याक सांगतास ताई?" काका म्हणाले. "साठवतो. हय." आणि कपाळावर बोट.

त्या बिचाऱ्याला वाटलं, थट्टा चालली आहे. काकांनी त्याला सांगितलं, कुठलंही एक नाव घ्या आणि वळा. टॉवेलाखाली दाबलेला नंबर हॉटेलच्या पानानं मान्य केल्यावर तो तरुण खुर्चीत बसला आणि त्यानं पाणी मागितलं. पण माणूस कर्तव्यदक्ष होता. त्यानं प्रश्नावली पुढे चालवली.

"या... या उपकरणाला कुलूप आहे का?"

"तोंड बंद ठेवतंय."

"दुसरी प्रत?"

"नाय."

"माहिती सांकेतिक भाषेत आहे का?"

काकांनी थोडा विचार केला. "मालवणीत आसा."

"कामाची वेळ संपल्यावर उपकरण कुठे असतं?"

"भांडुपाक. बायलेच्या हाताखाली."

त्यानं ते सगळं लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी अहवाल आला. ऑफिसातले दोन्ही कॉम्प्युटर पास झाले. काका नापास. शेरा असा होता की सदर ठिकाणी साठवलेली माहिती कायमची नष्ट करावी आणि तसा पुरावा द्यावा. ताई अहवाल घेऊन माझ्याकडे बघू लागल्या आणि मी काकांच्या डोक्याकडे.

शेवटी काकांचं डोकं ऑफिसच्या मालकीचं नाही, असं पत्र ताईंनी दिलं आणि प्रकरण मिटलं. लिंक सुरू झाली. आता ग्राहक घरबसल्या स्वतःच कार्ड वापरत, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त शेवटचे चार आकडे उरत आणि बाकी फुल्या. काकांच्या नंबरांची कुणालाच गरज राहिली नाही. पण सगळी कार्डं चालू होती. म्हणून काका तोंडाशी रुमाल धरूनच होते.

असं चार वर्षं चाललं. आणि एक दिवस मला काकूंचा फोन आला. काकूंना मी तोवर एकदाच पाहिलं होतं. ठेंगणी, काळीसावळी, फार कमी बोलणारी बाई.

"तूच घातलंस ना त्यांच्या डोक्यात?" त्या म्हणाल्या. "आता तूच काढ."

काकांच्या पित्ताशयात खडे झाले होते. दोनदा जीवघेणी कळ येऊन गेली होती. मुलुंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून पित्ताशय काढायलाच हवं, पुढची कळ महागात पडेल, जिवावर बेतेल. काका तयार होते. पण भूल द्यावी लागेल म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "भूल उतरताना माणूस बोलता काय?"

डॉक्टर गमत्या स्वभावाचे. म्हणाले, "बोलतो की! परवा एकानं सासूबद्दल सगळं सांगून टाकलं, सासू समोरच बसली होती."

काका उठले आणि घरी आले. ऑपरेशन नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत डॉक्टरांकडे गेले ते एक कागद घेऊन. पेशंटच्या तोंडून जे काही ऐकू येईल ते आम्ही ऐकणार नाही, अशा मजकुराखाली भूल देणाऱ्या डॉक्टरनं, दोन नर्सनी आणि वॉर्डबॉयनं सही करायची होती. सगळ्यांनी सही केली. मग काकांनी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सही मागितली. तो नुकताच भुलीतून उठत होता आणि खरोखरच बडबडत होता. ते ऐकून काका पुन्हा घरी.

"चार वर्सां झाली," काकू फोनवर म्हणाल्या, "मी सैपाकघरात निजतंय. दार लावून. झोपेत काय बोललंय तर तू ऐकशीत, म्हणतत. माका कायच म्हणूचा नाय. पण माणूस जगाक व्हयो ना गो?"

मी फोन ठेवला. हा किस्सा मी कुणाला रंगवून सांगितला नाही.

आधी मी एक शहाणपण करून पाहिलं. मी वीस खोटे नंबर लिहून काकांकडे नेले आणि म्हटलं, हे पाठ करा. म्हणजे नव्यांची जुन्यांत सरमिसळ होईल आणि खरे कुठले ते तुम्हालाच कळेनासं होईल. आठवड्याभरानं गेले. काका पलंगावर आडवे, चेहरा पिवळा पडलेला. म्हणाले, "तुझे वीस झाले पाठ. पण त्यातलो सातवो चुकीचो आसा, पंधराच आकडे." आता त्यांच्या डोक्यात त्र्याऐंशी नंबर होते.

तेव्हा कुठे मला माझ्याच धंद्यातली साधी गोष्ट आठवली. एखाद्याचा नंबर बाहेर फुटला तर फुटलेला नंबर परत आणता येत नाही. पण तो मारता येतो. जुनं कार्ड बंद करून नवं घेतलं की जुना नंबर म्हणजे नुसते आकडे, मग तो चौकात ओरडून सांगा. काकांच्या डोक्यातले नंबर मला पुसता येत नव्हते. पण त्रेसष्ट जणांनी आपापली कार्डं बदलली तर त्यांच्या डोक्यात जपण्यासारखं काही उरणारच नव्हतं.

काकांना हे पटलं. एकच अट, एकही शिल्लक राहता कामा नये.

मी आणि ताईंनी यादी वाटून घेतली आणि फोन करायला बसलो. पहिला फोन अजून आठवतो.

"आजोबा, तुमचं क्रेडिट कार्ड बंद करून नवीन घ्याल का?"

"का? चोरीला गेलंय का?"

"नाही."

"नंबर फुटला?"

"नाही."

"मग काय झालं काय?"

"आमच्या हिशेबनीसांच्या पित्ताशयात खडे झालेत."

मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागे. पण तुम्हाला सांगते, एकदा कळल्यावर एकानंही फोन आपटला नाही. ही सगळी माणसं काकांना ओळखत होती. कुणाला कांदा चालतो ते काकांनी लक्षात ठेवलं होतं, कुणाला मुलाबद्दल विचारायचं नाही तेही. बँकेच्या फोनवर कारण सांगताना मात्र सगळ्यांची पंचाईत झाली, कारण तिथे हरवलं, चोरीला गेलं आणि खराब झालं एवढीच तीन कारणं होती. एका निवृत्त शिक्षिकेला खोटं बोलवेना. "माझं कार्ड एका सद्गृहस्थांच्या डोक्यात आहे," असं त्यांनी बँकेला ठणकावून सांगितलं आणि वर तक्रारीचा क्रमांकही मागून घेतला.

दोन आठवड्यांत बासष्ट कार्डं बंद झाली. एक राहिलं. ते मुलुंड पश्चिमेच्या एका निवृत्त इंजिनियरांचं होतं. त्यांच्या कार्डाच्या सोळा आकड्यांची बेरीज एक्याऐंशी, म्हणजे आठ आणि एक नऊ. हे कार्ड आल्यापासून त्यांची बायपास यशस्वी झाली होती, मुलीचं लग्न जमलं होतं आणि त्यांच्या सोसायटीची लिफ्ट चालू झाली होती. "असा नंबर पुन्हा मिळत नाही," ते म्हणाले. मी गेले, ताई गेल्या, पेढे नेले. त्यांनी पेढे घेतले, नंबर सोडला नाही.

त्याच आठवड्यात काकांना तिसरी कळ आली. सकाळी दहाच्या सुमाराला त्यांना मुलुंडच्या नर्सिंग होममध्ये आणलं. डॉक्टरांची थट्टा या वेळी बंद होती. ताप होता, सूज होती. आजच करायचं, ते म्हणाले. काका घामानं भिजलेले, काकूंचा हात घट्ट धरलेला, आणि म्हणत होते, "एक शिल्लक आसा."

मी बाहेर जाऊन इंजिनियरांना फोन केला आणि त्यांना नाही नाही ते बोलले. तुमची लिफ्ट कायमची बंद पडो, असंही बोलले. वीस मिनिटांत ते रिक्षानं आले. भांडायलाच आले होते. तरातरा आत शिरले आणि काकांना पाहून खाटेपाशी थांबले.

काकांनी डोळे उघडले. "साहेब, तुम्ही कित्याक ईलात? बदलू नका. चांगलो नंबर आसा तो. मी बघतंय काय ता."

बघतंय म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं. काकूंनी मान फिरवली. इंजिनियर स्टुलावर बसले. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग एकदम मला विचारलं, "एकूण किती कार्डं म्हणालात?"

"त्रेसष्ट."

"सहा आणि तीन, नऊ," ते म्हणाले. "आणि बंद किती झाली? बासष्ट. म्हणजे आठ. अहो, आठ म्हणजे शनी! आठावर पोट उघडायला निघालात? काही अक्कल आहे की नाही तुम्हाला?" आणि त्यांनी खिशातून फोन काढला. ती काही शनीची भीती नव्हती, बरं का. पण माणसाला नीट वागायला निमित्त लागतं, आणि त्यांनी ते स्वतःपुरतं शोधलं होतं.

बँकेच्या यंत्रानं सांगितलं, कार्डाचा नंबर दाबा. इंजिनियरांनी खिसे चाचपले. इतकं लकी कार्ड ते बरोबर थोडंच बाळगणार? ते घरी कपाटात, रेशमी बटव्यात होतं.

"फोन हय द्या," काका म्हणाले. त्यांनी तो चादरीखाली घेतला. मग दातांवर दात दाबून, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "वळा."

डॉक्टर वळले. भूल देणारे डॉक्टर हिरव्या टोपीसकट वळले. दोन नर्स, ताई, मी, काकू आणि ज्यांचं कार्ड होतं ते इंजिनियर, असे आठ जण त्या पिवळ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागे चादरीखालून बारीक टिकटिक ऐकू येत होती. मला हसू येत होतं आणि माझ्या डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"झाला," काका म्हणाले. "आता खंय न्हेवचा तंय न्ह्या."

ऑपरेशन अडीच तास चाललं. दुपारी त्यांना बाहेर आणलं. आम्ही खाटेभोवती उभे होतो. काकांचे ओठ हलू लागले आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. काका बोलू लागले. खातेवहीच्या क्रमानं, पावकीच्या चालीवर, एक-एक नाव आणि त्याचे सोळा आकडे, घोगऱ्या पण स्पष्ट आवाजात. नर्सनं विचारलं, "स्तोत्र म्हणतायत का?"

काकू एकदम पुढे झाल्या आणि त्यांनी काकांच्या तोंडावर हात ठेवला. चार वर्षांची सवय होती. मग त्यांना आठवलं. त्यांनी हात काढून घेतला आणि त्यांच्या कपाळावर ठेवला.

"बोला," त्या म्हणाल्या. "बोला आता."

काका बाविसाव्या नावापर्यंत पोहोचले आणि झोपी गेले.

नंतर ते ऑफिसात परत आले नाहीत. ताईंनी निरोप समारंभ केला, इंजिनियरांनी नऊ फुलांची, म्हणजे शुभ आकड्याची, शाल दिली. मी कधी भांडुपला गेले की काका भरभरून बोलत, कधीकधी तर नको नको होई. तीन वर्षं ते छान जगले. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे झोपेतच गेले.

मी काकूंना भेटायला गेले. आतल्या खोलीत दोन खाटा एकमेकींना लावलेल्या होत्या. एकीवर चादर होती, दुसरीची गादी गुंडाळून ठेवली होती. काही बोलायचं म्हणून मी विचारलं, "ऑपरेशननंतर झोपेत कधी नंबर बोलले का?"

"नंबर नाय कधी," काकू म्हणाल्या. "पण बोलत. रोज बोलत. चार वर्सांचा सगळा साठलेला होता."

"काय बोलायचे?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या किंचित लाजल्या, पासष्टीची बाई, आणि मग त्यांनी पदर सारखा केला.

"ता मी सांगूचंय नाय," त्या म्हणाल्या. "ता माका एकटीक सांगलेला आसा." आणि त्या चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या.